बारावीचा इंग्रजीचा पेपर आणि आपण सगळे

(मंडळाच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अध्यक्ष, कार्यकारिणीचे सभासद, सर्व काका-काकू, दादा-वहिनी, आणि अगदी मागच्या रांगेत भिंतीला टेकून बसलेली आमची बारावीची मुलंमुली. मुलांनो, मागे बसलात म्हणून दिसत नाही असं समजू नका. मीही वर्गात तिथेच बसायचो.

मला आज 'बारावीच्या इंग्रजीची तयारी' या विषयावर बोलायला सांगितलंय. मी काही इंग्रजीचा शिक्षक नाही. शिक्षण कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचं आणि काम सॉफ्टवेअर बसवून देण्याचं. पण गेली चार वर्षं दर शनिवारी सकाळी आमच्या खोबरच्या घरी बारावीची पाच-सात मुलं जमतात, वेळ लावून पेपर लिहितात आणि मी ते तपासतो. पहिल्या वर्षी मुलं मला 'दादा' म्हणायची, आता 'काका' म्हणतात. तेवढा एक बदल सोडला तर कार्यक्रम तोच आहे. या शनिवारांत जे शिकलो ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी माझीच गोष्ट. मी दहावीपर्यंत मराठी शाळेत. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. आजोबांच्या कपाटात तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती. सुट्टीत आजोबा मला समोर बसवून मराठी वाक्य सांगायचे आणि त्याचं इंग्रजी करायला लावायचे, मग उलट. मला त्याचा भयंकर कंटाळा यायचा. पुढे इंजिनिअरिंग झालं, नोकरी लागली, आणि मला वाटलं, चला, इंग्रजी सुटलं.

ते सुटलं नव्हतं. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका ग्राहकाकडे आम्ही पगाराची नवी सिस्टीम चालू करत होतो. मी त्यांना एक लांबलचक ईमेल लिहिली. तीन पानं असतील. काय केलं, कसं केलं, का केलं, सगळं आलं. मुख्य गोष्ट अशी होती, की मी कळवल्याशिवाय पगाराची प्रक्रिया सुरू करू नका. ते वाक्य मी शेवटून दुसऱ्या परिच्छेदात, एका भल्यामोठ्या वाक्याच्या पोटात घातलं होतं. तिथल्या माणसाने पहिलं पान वाचलं आणि बटण दाबलं. तीनशे माणसांचा पगार दोन दिवस उशिरा झाला. त्यात महिनाअखेरीला गावी पैसे पाठवणारी साधी कामगार माणसं होती. चूक त्या माणसाची नव्हती, माझी होती. माझ्या ईमेलमध्ये व्याकरणाची एकही चूक नव्हती बरं का! फक्त जे सांगायचं होतं ते सांगितलं गेलं नव्हतं.

म्हणून जेव्हा एखादा मुलगा मला म्हणतो, "काका, नोटीस रायटिंग कशाला? चार मार्कांचं तर आहे," तेव्हा मी त्याला ही गोष्ट सांगतो. पन्नास शब्दांत काय, कधी, कुठे, कोणासाठी आणि कोणाला विचारायचं, हे सगळं बसवणं ही त्या चार मार्कांची परीक्षा आहे. मला ते जमलं असतं तर तीनशे घरांत दोन दिवसांची काळजी शिरली नसती.

आता पेपराकडे येऊ. आपली बहुतेक मुलं सीबीएसईच्या भारतीय शाळांत आहेत. या देशात या शाळा जुन्या आहेत. जेद्दाहची १९६९ पासून, रियाध आणि दम्मामच्या १९८२ पासून. बारावीचं 'इंग्लिश कोअर' शंभर मार्कांचं. त्यातले ८० लेखी, २० शाळेच्या हातात. त्या वीसमध्ये ऐकणं ५, बोलणं ५ आणि प्रोजेक्ट १०. लेखी ८० असे वाटलेले आहेत : न वाचलेले उतारे २२, लेखन १८ आणि पाठ्यपुस्तकं, म्हणजे 'फ्लेमिंगो' आणि 'व्हिस्टाज', ४०.

पालकांनी हे आकडे लक्षात ठेवावेत. कारण घरोघरी मी ऐकतो, "आमच्याकडे इंग्रजीची चिंताच नाही, तो तर झोपेतही इंग्रजीच बोलतो." खरं आहे. आपली मुलं इंग्रजी छान बोलतात. माझ्यापेक्षा तर नक्कीच. पण लेखी ८० मार्कांत बोलण्याला एकही मार्क नाही. आमच्या गटातली एक मुलगी बोलायला बसली की ऐकत राहावं अशी. पूर्वपरीक्षेत तिला ८० पैकी ५१ मिळाले. तिचा पेपर आम्ही दोघांनी मिळून पुन्हा तपासला. शेवटचा पाच मार्कांचा प्रश्न कोरा. पहिल्या लेखाला १५० ऐवजी जवळजवळ तीनशे शब्द. पत्राला विषयच नाही. दोन मार्कांच्या उत्तरात विचारलं होतं 'का' आणि तिने लिहिलं होतं 'काय'. इंग्रजी कुठेच कमी पडलं नव्हतं. कमी पडली होती वेळ आणि प्रश्न नीट वाचण्याची सवय.

आमच्या धंद्यात प्रोग्राम चुकला की त्याच्यावर चिडून उपयोग नसतो. लॉग उघडून कुठे अडकला ते बघावं लागतं. आम्ही तसंच केलं. प्रत्येकाला एक 'चुकांची वही' दिली. दर शनिवारी पेपर तपासून झाला की गेलेला प्रत्येक मार्क चारपैकी एका खान्यात टाकायचा : वेळ पुरली नाही, प्रश्न चुकीचा वाचला, मांडणी चुकली, भाषा चुकली. सहा शनिवार झाले की वहीच सांगते आजार काय आहे. बहुतेकांच्या वहीत 'भाषा' हा खाना सगळ्यात रिकामा निघतो आणि आईबाप शिकवणी लावतात नेमकी भाषेची!

आता वेळ. पेपर तीन तासांचा, म्हणजे १८० मिनिटं, आणि आधी पंधरा मिनिटं नुसती वाचायला. आमचा हिशोब असा : उतारे ४५ मिनिटं, लेखन ४० मिनिटं, साहित्य ८० मिनिटं, शेवटी १५ मिनिटं पुन्हा वाचायला. वाचनाच्या पंधरा मिनिटांत पेन हातात घ्यायचं नसतं, पण डोकं वापरायला बंदी नाही. पर्याय असलेल्या प्रश्नांत कुठला सोडवायचा हे तेव्हाच ठरवून टाकायचं. नंतर ठरवत बसलं की दहा मिनिटं तिथेच जातात.

शब्दमर्यादेचं एक सोपं गणित आहे. आपल्या अक्षरात एका ओळीत किती शब्द बसतात ते एकदाच मोजा. समजा दहा. मग सूचना आणि निमंत्रण पाच ओळींत, पत्र आणि लेख बारा ते पंधरा ओळींत. परीक्षेत शब्द मोजत बसायचे नाहीत, ओळी बघायच्या.

लेखनाचे १८ मार्क म्हणजे सूचना ४, निमंत्रण किंवा त्याचं उत्तर ४, पत्र ५ आणि लेख किंवा अहवाल ५. या चारही प्रश्नांत नमुन्याला, म्हणजे फॉरमॅटला, एकेक मार्क आहे. ते चार मार्क म्हणजे उचलून घ्यायचे मार्क. शाळेचं नाव, तारीख, शीर्षक, खाली नाव आणि हुद्दा. यात प्रतिभा लागत नाही. आपल्याकडे गणपतीच्या तयारीची यादी काढतो तशी यादी करा आणि टिक मारत जा.

आता भाषेच्या चुकांबद्दल. त्या कमी असल्या तरी ठरलेल्या असतात. माझ्या ऑफिसात एक सौदी सहकारी आहे. त्याचा मुलगा 'स्टेप' या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करत होता. इथल्या 'कियास' केंद्राची ती परीक्षा. तिच्यात आकलन ४० टक्के, व्याकरण ३०, श्रवण २० आणि लेखनाचं विश्लेषण १०. सगळे पर्यायी प्रश्न, स्वतः एक ओळही लिहायची नाही. आम्ही दोघे बाप आणि काका कॅन्टीनमध्ये बसून मुलांच्या चुका ताडून बघायचो. गंमत अशी, की अरबीत 'अल' आहे, पण इंग्रजीतल्या 'अ'सारखा वेगळा शब्द नाही. म्हणून त्याचा मुलगा 'अ' गाळायचा. आपल्या मराठीत तर दोन्ही नाहीत. म्हणून आपली मुलं 'अ' आणि 'द' दोन्ही मनाला येईल तिथे टाकतात, नाहीतर गाळतात. चूक मुलाच्या बुद्धीत नसते, ती घरच्या भाषेच्या वळणातून येते. हे एकदा कळलं की मुलगा ती शोधून काढतो. शेवटच्या पंधरा मिनिटांतली पाच मिनिटं आम्ही फक्त नामांच्या आधी काय आहे ते बघायला ठेवतो.

अशीच आणखी काही ठरलेली मंडळी : 'डिस्कस अबाउट', 'वन ऑफ माय फ्रेंड', 'रिटर्न बॅक'. डिस्कसमध्ये 'विषयी' आलंच, वन ऑफच्या पुढे अनेकवचन हवं, आणि रिटर्नमध्ये 'परत' आहेच.

या 'रिटर्न बॅक'वरून एक गोष्ट सांगायची आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या गटात एक मुलगा होता. जन्म इथलाच, खोबरचा. वडील एका वर्कशॉपमध्ये फोरमन. तुम्हाला माहीतच आहे, जुलै २०१७ पासून इथे कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे महिन्याला फी सुरू झाली. १०० रियालपासून सुरू होऊन दर वर्षी वाढत २०२० मध्ये ४०० झाली. बायको आणि दोन मुलं म्हणजे वर्षाला १४,४०० रियाल. कितीतरी घरं तेव्हा मोडून अर्धी इथे, अर्धी तिकडे झाली. या घराने ओढूनताणून मुलाची बारावी होईपर्यंत थांबायचं ठरवलं होतं. बारावी झाली की मुलगा पुण्याला, आई आणि बहीण साताऱ्याला, वडील इथे एकटे.

एका शनिवारी मी लेखाला विषय दिला, 'शाळेनंतरचं माझं आयुष्य'. त्याने लिहिलं, "आय विल रिटर्न बॅक टू इंडिया." मी सवयीने 'बॅक'खाली लाल रेघ मारली आणि म्हटलं, "नुसतं रिटर्न लिही." तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "काका, रिटर्न तरी बरोबर आहे का? मी तिथे कधी राहिलोच नाही."

मंडळी, त्याचं मला उत्तर देता आलं नाही. आपण मोठी माणसं इथे कितीही वर्षं काढली तरी 'परत जायचं' म्हणतो, कारण आपण तिथून आलो. मुलांच्या बाबतीत तो शब्द लागू होत नाही. ती घर सोडून निघालेली असतात आणि आपण त्यांना सांगत असतो की तू घरी चाललायस. मी त्याला म्हटलं, "तुला खरं काय वाटतं तेच लिही, मी फक्त व्याकरण बघीन." पुढच्या शनिवारी त्याने तोच लेख पुन्हा लिहून आणला, एकशे चाळीस शब्दांत. कॉर्निशवर वडिलांनी सायकल शिकवली ती जागा, शाळेची बस, आणि आता एकटे राहणारे वडील जेवण काय करतील याची काळजी. 'रिटर्न' कुठेच नव्हतं, 'लीव्ह' होतं. माझ्या चार वर्षांतला तो सगळ्यात चांगला लेख. त्यात मांडणीला, आशयाला, भाषेला कुठेच मार्क कापता आला नाही. तोपर्यंत तो गाईडमधून पाठ केलेले लेख लिहायचा, त्यात प्रदूषण आणि मोबाइलचे दुष्परिणाम यापलीकडे काही नसायचं.

त्या मुलाने तो लेख वडिलांना वाचून दाखवला. वडिलांना एवढं इंग्रजी येत नाही, म्हणून त्याने तो मराठीत सांगितला. नंतर ते मला भेटले तेव्हा एवढंच म्हणाले, "साहेब, पोराच्या मनात एवढं होतं हे मला ठाऊक नव्हतं."

तेव्हापासून मी आमच्या शनिवारच्या पद्धतीत एक बदल केला. पाठ्यपुस्तकातल्या धड्याचं उत्तर लिहायच्या आधी ते मराठीत सांगायचं. आजोबांच्या तर्खडकरांची मला आता आठवण येते! 'फ्लेमिंगो'तला पहिलाच धडा घ्या, आल्फाँस दोदे यांचा 'द लास्ट लेसन'. १८७०-७१ च्या युद्धात फ्रान्स हरला आणि अल्सास आणि लोरेनच्या शाळांत यापुढे फक्त जर्मन शिकवा असा बर्लिनहून हुकूम आला, त्या दिवसाची ही गोष्ट. चाळीस वर्षं शिकवणारे हामेल गुरुजी फ्रेंचचा शेवटचा तास घेतात आणि मागच्या बाकांवर गावातली म्हातारी माणसं येऊन बसतात. गुरुजी दोष कोणाला देतात? मुलांना शेतावर, गिरणीत कामाला पाठवणाऱ्या आईबापांना, आणि स्वतःलाही. कारण तेही मुलांना झाडांना पाणी घालायला लावायचे आणि मासे पकडायला जायचं असलं की सुट्टी देऊन टाकायचे.

मुलांना हे उत्तर गाईडमधून पाठ होतं. मी म्हटलं, मराठीत सांगा. सगळी अडखळली. एक जण म्हणाला, "मला आजीचा फोन आला की पण असंच होतं, काका. कळतं सगळं, बोलता येत नाही." मग त्या धड्यावर आम्ही तासभर बोललो, मोडक्यातोडक्या मराठीत. त्यानंतर लिहिलेली इंग्रजी उत्तरं वेगळीच होती. कारण आता त्यांना माहीत होतं की ती म्हातारी माणसं मागच्या बाकावर का येऊन बसली असतील.

तेव्हा पालकांनो, तुमच्यासाठी माझं सांगणं तीन गोष्टींचं. यातल्या एकीलाही इंग्रजी यावं लागत नाही.

एक, घड्याळ लावा. आठवड्यातून एकदा तीन तास घरात शांतता, टीव्ही बंद, मुलाचा फोन तुमच्याकडे आणि तुमचाही फोन बाजूला. बोर्ड दर वर्षी नमुना प्रश्नपत्रिका आणि तिची गुणदान पद्धत दोन्ही प्रसिद्ध करतं. ती छापून आणून द्या, विकतच्या गठ्ठ्यांआधी ती सोडवू द्या. आणि पेपर सकाळी आठलाच सुरू करा. भारतात साडेदहा वाजतात तेव्हा इथे आठ वाजलेले असतात, खरा पेपर त्याच वेळी असतो. २०२५ मध्ये इंग्रजीचा पेपर ११ मार्चला होता, ऐन रमजानमध्ये. सगळं शहर पहाटे जेवून झोपलेलं आणि आपली मुलं साडेसातच्या आत केंद्रावर. रात्री दोनपर्यंत जागून अभ्यास करणाऱ्याचं डोकं सकाळी आठला चालत नाही. त्याला ती सवय आधी दोन महिने लावावी लागते.

दोन, रोज एक धडा किंवा कविता मुलाकडून मराठीत ऐका. भाकरी करता करता ऐका, गाडी चालवताना ऐका. कमला दास यांची साठी उलटलेल्या आईवरची कविता आहे. मुलगी गाडीतून विमानतळाकडे निघालेली असते आणि आई शेजारी बसलेली असते. ती आपल्याइतकी कोणाला कळणार? तुम्ही फक्त "मग पुढे?" आणि "असं का?" एवढंच विचारा. 'असं का'चं उत्तर ज्याला मराठीत देता आलं, त्याला इंग्रजीत देता येतं.

तीन, मार्क विचारायच्या आधी चुकांची वही बघा. "किती मिळाले?" ऐवजी "या आठवड्यात कुठल्या खान्यात गेले?" असं विचारा. मुलगा पहिल्या प्रश्नाला दार लावून घेतो, दुसऱ्याला वही उघडतो. हा अनुभव आहे.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी एकच. पास व्हायला ३३ टक्के लागतात, ते तुम्हाला झोपेतही मिळतील. पण पुढे कोणी आयईएल्ट्स देईल, कोणी पुण्याला, कोणी मणिपालला, कोणी कॅनडाला जाईल. आयईएल्ट्समध्येही तेच आहे, साठ मिनिटांत दोन लेखनं, एक दीडशे शब्दांचं, एक अडीचशेचं. आणि त्यानंतर नोकरीत माझ्यासारखी ईमेल लिहायची वेळ येईल. तेव्हा समोरच्याला कळेल असं, थोडक्यात आणि खरं लिहिता आलं पाहिजे. ती सवय या वर्षी लागली तर लागली.

शेवटी एक मनातलं. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी बारावी हे मुलाचं आपल्याजवळचं शेवटचं वर्ष असतं. पुढच्या दिवाळीला ते हॉस्टेलवर असेल आणि आपण व्हिडिओ कॉलवर फराळ दाखवत असू. म्हणून त्या शनिवारच्या तीन तासांकडे नुसती परीक्षेची कटकट म्हणून बघू नका. आमच्या त्या मुलाला ८७ मार्क मिळाले. पण त्याचे वडील मला अजूनही भेटले की मार्कांबद्दल बोलत नाहीत, त्या लेखाबद्दल बोलतात. तो कागद त्यांनी पाकिटात ठेवलाय.

शनिवारी सकाळी साडेसातला आमचं दार उघडं असतं. पेन आपापलं आणा, चहा आमच्याकडे. सौ. पोहे करते, पण ते पेपर झाल्यावर.

सगळ्यांना दिवाळीच्या मनापासून शुभेच्छा.